जामीन मंजूर झाला, तरी माणूस आतच का राहतो?

मुंबईत सातरस्त्याजवळ साने गुरुजी मार्गावर मुंबई मध्यवर्ती कारागृह आहे. रस्त्याचे नाव बदलून कैक वर्षे झाली, तरी लोक तुरुंगाला अजून आर्थर रोडच म्हणतात. या तुरुंगाच्या बाहेर एक पेटी असते. न्यायालयाने जामीन दिला, जामीनदाराची कागदपत्रे तपासून झाली आणि सुटकेचा आदेश निघाला, की तो कागद या पेटीत टाकायचा असतो. पेटी ठरावीक वेळी उघडते, आणि वेळ चुकली तर माणसाची आणखी एक रात्र आत जाते. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका प्रसिद्ध सिनेनटाच्या मुलाला उच्च न्यायालयाने २८ तारखेला जामीन दिला. देशातले नावाजलेले वकील हाताशी होते आणि जामीनदार म्हणून एक नामवंत अभिनेत्री स्वतः न्यायालयात हजर झाली होती. तरीही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या आत कागद पेटीपर्यंत पोहोचला नाही आणि सुटका ३० तारखेला सकाळी झाली. पुढे त्या मुलावर आरोपपत्रही दाखल झाले नाही. त्या दोन दिवसांत ही पेटी सगळ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली. ज्यांच्यासाठी कोणताही कॅमेरा थांबत नाही, त्यांचा कागद किती दिवसांनी पोहोचतो आणि मुळात तो तयार व्हायलाच किती दिवस लागतात, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

तुरुंगातल्या गर्दीची चर्चा निघाली की आपल्या डोळ्यांसमोर शिक्षा झालेले गुन्हेगार येतात, पण प्रत्यक्षातले चित्र निराळे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे दर चारांमागे तीन, कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून निकाली निघालेला नाही असा माणूस. सरकारी कागदांत त्याला न्यायाधीन बंदी म्हणतात आणि शिक्षा लागलेल्याला सिद्धदोष बंदी. जितकी जागा आहे तिच्या १३१ टक्के माणसे त्या वर्षी आत होती. आर्थर रोडची अधिकृत क्षमता हजाराच्या आत असताना तिथे तीन हजारांहून अधिक बंदी ठेवल्याचे वर्षानुवर्षे नोंदले गेले आहे. झोपताना कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगावे लागते, असे आत राहून आलेले लोक सांगतात. या गर्दीवर तोडगा म्हणून मानखुर्दला नवे कारागृह बांधण्याची घोषणा अधूनमधून होत असते. नवे तुरुंग नकोत असे मला म्हणायचे नाही. मात्र आत असलेल्यांपैकी कितीजण न्यायालयाने नाही म्हटले म्हणून आत आहेत आणि कितीजण हो म्हटल्यावरही आत आहेत, हे आधी पाहिले पाहिजे.

त्यासाठी जामीन म्हणजे नेमके काय, ते समजून घ्यावे लागेल. पोलिसांनी अटक केली की चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. हा संविधानाच्या २२ व्या कलमाने दिलेला हक्क आहे. त्यानंतर पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि न्यायालयीन कोठडी म्हणजेच तुरुंग. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा आरोपीचा हक्क असतो आणि अजामीनपात्र असेल तर तो देणे न देणे न्यायालयाच्या विवेकावर असते. म्हणजे अजामीनपात्र याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नव्हे, हा गैरसमज फार पसरलेला आहे. जामिनाच्या आदेशात साधारणपणे एक ठरलेले वाक्य असते, ते असे की आरोपीला पंधरा हजार रुपयांचा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार दिल्यावर मुक्त करावे. यातला जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी, की मी तारखांना येईन, न आलो तर एवढी रक्कम भरीन. त्या वेळी पैसे भरायचे नसतात, फक्त सही करायची असते. जामीनदार म्हणजे तिसरा माणूस, जो म्हणतो की हा आला नाही तर रक्कम मी भरीन. आता जामीनदार सक्षम आहे हे कशावरून ठरवायचे, असा प्रश्न येतो, आणि आदेशातल्या त्या वाक्याची खरी अडचण या एका शब्दात आहे.

गेल्या पावसाळ्यात हे मी जवळून पाहिले. आमच्या इमारतीत पाच घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा भाचा केटरिंगच्या कामाला जात असे. मोबाइल हिसकावल्याच्या एका गुन्ह्यात पोलिसांनी तिघांना धरले, त्यांत तोही होता. त्याने केले की नाही हे मला ठाऊक नाही आणि ते ठरवणे माझे कामही नाही. दोन आठवड्यांत त्याला जामीन मंजूर झाला. मावशींनी त्या दिवशी पेढे आणले होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत उपनगरातल्या एका न्यायालयात गेलो. दुधाच्या रिकाम्या पिशवीत त्यांनी शिधापत्रिका गुंडाळून आणली होती. खिडकीपाशी कारकुनाने ती उलटसुलट करून पाहिली.

‘मावशी, हे गावचं कार्ड आहे. इथलं काय आहे?’

‘आधार आहे की.’

‘आधार चालेल, पण त्याने ऐपत कळत नाही. लाइट बिल आहे?’

‘बिल मालकाच्या नावानं येतं, साहेब.’

‘मग पगाराची स्लिप आणा. ओरिजिनल हं, झेरॉक्स नको.’

कारकून उद्धटपणे बोलला नाही, उलट त्याने हे सगळे दोनदा समजावून सांगितले. पण पाच घरी काम करणाऱ्या बाईला पगाराची चिठ्ठी कोण देतो? मी तरी दिलेली नव्हती. मावशी महिन्याला जेवढे कमावतात ते काही कमी नाही, पण त्यातल्या एका रुपयाचीही कागदावर नोंद नाही, आणि न्यायालयाला जी ऐपत दिसते ती कागदावरचीच. जामीनदाराकडे सहसा शिधापत्रिका, राहण्याचा पुरावा, नोकरीचे पत्र किंवा पगाराची चिठ्ठी, मालमत्ता असेल तर तिचे कागद, आणि काही वेळा तहसीलदाराने दिलेला ऐपतीचा दाखला मागितला जातो. मग पोलीस त्या पत्त्यावर जाऊन खातरजमा करतात आणि त्यातही दिवस जातात. मुंबईतले असंख्य संसार ज्या वस्त्यांत आहेत, तिथे घर भाड्याचे, मीटर दुसऱ्याचे आणि शिधापत्रिका गावची, असा प्रकार घरोघरी असतो. फुटपाथवर किंवा कामाच्या जागीच झोपणाऱ्याचे तर बोलायलाच नको.

यावर सर्वोच्च न्यायालयाने काही म्हटलेच नाही असे नाही. १९७८ सालच्या मोतीराम खटल्यात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला जामीन मिळाला होता, पण दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने ते चूक ठरवले आणि त्या गवंड्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितले. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी देशासमोर आले. गुन्ह्याला जेवढी जास्तीत जास्त शिक्षा होऊ शकली असती, त्याहून अधिक काळ त्यांतले काही जण निकालाविना आत होते. म्हणजे परजिल्ह्यातला जामीनदार नाकारू नये आणि गरिबाला जातमुचलक्यावर सोडावे, हे आपल्याकडे चार दशकांहून अधिक काळ ठरलेले आहे. तरीही खिडकीवरचा पहिला प्रश्न ‘इथलं काय आहे’ हाच असतो.

मावशींनी मग माझ्याकडे पाहिले. माझ्याकडे सगळे कागद होते. इथली शिधापत्रिका होती, स्वतःच्या नावाचे बिल होते, पगाराची चिठ्ठीही होती. तरी मी लगेच हो म्हणालो नाही. तो मुलगा मी दोनदाच पाहिला होता. उद्या तो गावी निघून गेला तर पंधरा हजार माझ्या गळ्यात पडतील, न्यायालयाची नोटीस येईल, पोलीस इमारतीत येतील, वॉचमन विचारील, असे सगळे विचार त्या जिन्यात उभ्या उभ्या माझ्या मनात येऊन गेले. हे कबूल करायला बरे वाटत नाही, पण लिहिणे भाग आहे, कारण जामीनदाराची सगळी पद्धत याच संकोचावर अडते. ज्यांच्यापाशी विश्वास असतो त्यांच्याकडे कागद नसतात, आणि कागदवाले विश्वास टाकायला कचरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेरा वेगवेगळ्या गुन्ह्यांत जामीन मिळूनही प्रत्येक गुन्ह्यासाठी निराळे जामीनदार न मिळाल्याने अडकलेल्या एका माणसाला तेच जामीनदार अनेक प्रकरणांत चालवून घेण्याची मुभा दिली. जामीनदार हा बहुतेक वेळा जवळचा नातेवाईक किंवा जुना मित्रच असू शकतो आणि ते वर्तुळ खटल्यामुळे आणखी आक्रसते, हे त्या निकालात मोकळेपणाने मान्य केलेले आहे.

संकोचाने जिथे जागा सुटते तिथे बाजार उभा राहतो. न्यायालयाच्या आवारात भाड्याचे जामीनदार मिळतात, हे तिथे रोज जाणाऱ्या कोणालाही विचारा. रक्कम ठरवून उभा राहणारा, कधी खोटी शिधापत्रिका आणि खोटी पगाराची चिठ्ठी घेऊन येणारा हा माणूस आरोपीला ओळखतही नसतो. अशा टोळ्यांवर मुंबई पोलिसांनी वेळोवेळी गुन्हे नोंदवलेले आहेत. त्याला आळा बसावा म्हणून जामीनदाराने आपण आणखी किती जणांना जामीन राहिलो आहोत हे लिहून द्यावे, अशी तरतूद कायद्यात २००५ च्या दुरुस्तीने आली आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ४८६ म्हणून कायम आहे. उपाय योग्यच आहे, पण त्याचा परिणाम असा झाला की तपासणी जितकी कडक होत गेली तितका खरा, पण कागद नसलेला जामीनदार अधिक मागे ढकलला गेला. खोट्या माणसाचे कागद नेहमीच पूर्ण असतात, ही यातली गंमत.

दुसरी वाट रोख जामिनाची. कायद्यात, म्हणजे याच संहितेच्या कलम ४९० मध्ये, जामीनदाराऐवजी रक्कम भरण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते. मुंबईत वकील बहुतेक वेळा तात्पुरत्या रोख जामिनाचा अर्ज करतात. आज पैसे भरून माणूस बाहेर काढायचा आणि चार-सहा आठवड्यांत जामीनदार आणून द्यायचा, असा तो मार्ग आहे. हा सोपा वाटतो, पण पंधरा हजार एकरकमी कोणाकडे असतात? मावशींनी पाच घरांतून आगाऊ पगार उचलला. पुढचे तीन महिने त्या फेडीत गेले.

आता कोणी म्हणेल, कायद्यात गरिबासाठी काहीच नाही का? आहे, आणि कागदावर तरी पुष्कळ आहे. जामीनपात्र गुन्ह्यात अटक होऊन आठवड्याच्या आत आरोपी जामीनदार देऊ शकला नाही, तर तो निर्धन आहे असे गृहीत धरून त्याला जातमुचलक्यावर सोडावे, असे कलम ४७८ सांगते. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी तपशिलात सूचना दिल्या. जामिनाच्या आदेशाची प्रत ईमेलने तुरुंगात पाठवावी, सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, आणि महिनाभरातही मुचलका भरला गेला नाही तर न्यायालयाने आपणहून अटी सैल करता येतील का ते पाहावे, असे त्यांत सांगितले आहे. गरीब कैद्यांना साहाय्य करण्याची केंद्र सरकारची योजनाही २०२३ साली आली आणि तिच्या मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. हे मिळवायचे तर जिल्हा पातळीवरच्या समितीपुढे प्रकरण जावे लागते, आणि ते नेण्यासाठी आतल्या माणसाची चौकशी करणारे, त्याच्या घरचा पत्ता शोधणारे, अर्ज लिहिणारे कोणीतरी लागते. टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रयास हा प्रकल्प १९९० पासून मुंबईतल्या तुरुंगांत नेमके हेच काम करतो आहे. ज्या बंद्यापर्यंत असा समाजकार्यकर्ता पोहोचतो, त्याच्यासाठी कायद्यातले कलम हलते. बाकीच्यांना ते आहे हेही ठाऊक नसते.

सर्वांत मोठी आशा ज्यावर आहे ते कलम म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या याच नागरिक सुरक्षा संहितेचे ४७९ वे. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडावे, हा नियम जुन्या कायद्यातही होता. नवी भर अशी की ज्याला पूर्वी कधीच शिक्षा झालेली नाही, त्याला एक तृतीयांश काळानंतर मुचलक्यावर सोडायचे आहे. उदाहरण घेऊ. हिसकावण्याच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेत, म्हणजे गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या कायद्यात, कमाल तीन वर्षे शिक्षा आहे. तेव्हा पूर्वी शिक्षा न झालेले आरोपी वर्षभराने आणि इतर दीड वर्षाने या कलमाच्या कक्षेत येतात. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही. अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर टाकलेली आहे, हे फार महत्त्वाचे आहे, कारण बंद्याने स्वतः हक्क मागायची वाट यात पाहिलेली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम आधीच्या खटल्यांतल्या बंद्यांनाही लागू केले. शिवाय या संहितेने प्रथमच जामीनदारासह दिलेली हमी आणि जामीनदाराविना दिलेला मुचलका यांच्या वेगळ्या व्याख्या केल्या, आणि एक तृतीयांशच्या सवलतीत शब्द आहे तो मुचलका. म्हणजे काटेकोर वाचले तर तिथे जामीनदार मागायलाच नको.

पण याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात म्हटले आहे की आरोपीवर एकाहून अधिक गुन्ह्यांची चौकशी किंवा खटले चालू असतील तर न्यायालय त्याला या कलमाखाली सोडणार नाही. मुंबईच्या रस्त्यावर वाढलेल्या आणि पोलीस ठाण्याच्या यादीत एकदा नाव चढलेल्या मुलावर तीन किरकोळ चोऱ्यांचे खटले असणे ही नेहमीची गोष्ट आहे. मोठ्या आर्थिक घोटाळ्यातला एकच खटला असलेला माणूस पात्र ठरतो आणि तीन मोबाइलांचा आरोपी अपात्र, अशी तक्रार वकील करतात, आणि मला ती रास्त वाटते.

याहून वाईट प्रकार खटल्याच्या दिवशी घडतो. आतमध्ये वर्ष-दीड वर्ष काढलेल्याला कोणीतरी सुचवते की गुन्हा कबूल करून टाक. कोठडीत काढलेला काळ शिक्षेतून वजा होतो, त्यामुळे न्यायालय भोगली तेवढीच शिक्षा देते आणि माणूस त्या आठवड्यात घरी जातो. खटला लढायचा तर आणखी तारखा पडणार. जामीनदार नसलेल्या माणसाला निर्दोष असण्यापेक्षा दोषी असणे स्वस्त पडते. मात्र त्या एका कबुलीने तो कायमचा सिद्धदोष होतो, आणि पुढे कधी संशयावरून पुन्हा धरला गेला तर एक तृतीयांशची सवलत त्याला मिळणार नाही, कारण ती फक्त पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्यासाठी आहे. कबुली देताना हे त्याला क्वचितच कोणी सांगितलेले असते.

तारखांचे दुखणे वेगळेच आहे. कैद्याला न्यायालयात न्यायला पोलीस पार्टी लागते, आणि सण, सभा, निवडणूक असली की मनुष्यबळ बंदोबस्ताला जाते. मग आरोपी गैरहजर, पुढची तारीख. डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात १०२ तारखांपैकी बहुतेक तारखांना आरोपीला प्रत्यक्ष किंवा पडद्यावरही हजर केले नव्हते, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने नाराजी व्यक्त केली.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही पोकळ नाही. लोकलच्या दारात उभ्या असलेल्या मुलीच्या हातातून फोन हिसकावला जातो तेव्हा ती खालीही पडू शकते. जामिनावर सुटलेला आरोपी पत्ता सोडून जातो, अजामीनपात्र वॉरंटे वर्षानुवर्षे बजावल्याविना पडून राहतात आणि खटला जागीच थांबतो. साक्षीदार त्याच गल्लीत राहत असला तर त्याला धमकीची भीती असते. दंडाधिकाऱ्यांना यातली जोखीम रोज पेलायची असते. म्हणून खरा वाद जामीन द्यावा की नाही हा नाही, तो न्यायालयाने आधीच दिलेला असतो. आरोपी परत येईल याची खात्री कशाने करायची, एवढाच वाद उरतो. पोलीस ठाण्यात ठरावीक दिवशी हजेरी, मुक्काम बदलल्यास कळवण्याची अट, तारखेच्या आदल्या दिवशी फोन, कामाच्या मालकाचे किंवा वस्तीतल्या ओळखीच्या माणसाचे पत्र, हे उपाय पंधरा हजारांच्या कागदी ऐपतीपेक्षा कमी भरवशाचे आहेत असे मानायला मला तरी आधार दिसत नाही. पळून जाणारा भाड्याचा जामीनदार देऊन केव्हाच पळालेला असतो.

मावशींचा भाचा जामीन मंजूर झाल्यावर एकोणिसाव्या दिवशी बाहेर आला. रोख जामिनाची सहा आठवड्यांची मुदत संपत आली, तेव्हा जामीनदार म्हणून शेवटी मीच सही केली. तो आजवर प्रत्येक तारखेला गेला आहे, आणि आदल्या रात्री मावशी मला निरोप पाठवतात. मधल्या काळात मीच त्यांना म्हटले होते की शिधापत्रिका गावाहून इथे बदलून घ्या, पुढे उपयोगी पडेल. त्यांनी अर्ज केला. शिधावाटप कार्यालयाने राहण्याचा पुरावा मागितला आहे. स्वतःच्या नावाचे वीजबिल, नाहीतर घरमालकाचे संमतीपत्र. मालक म्हणतो, गणपतीनंतर बघू.